आत झालेलं बोलणं कुठे जातं, ते आधी ठरवा

प्रश्न: कुटुंब न्यायालयाशी जोडलेल्या मध्यस्थी आणि ताबा विभागाची जबाबदारी माझ्याकडे अलीकडेच आली. आम्ही नऊ जण आहोत. काही जण आईवडिलांमध्ये मध्यस्थी करतात, काही जण मुलांना आणि दोन्ही घरांना भेटून न्यायालयाला अहवाल देतात, आणि माणसं कमी असल्यामुळे बरेच जण दोन्ही करतात. आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी ताईंच्या हाताखाली मी हे काम शिकले. त्यांचा तडजोडीचा आकडा सगळ्यांच्या वर असतो. पण ‘तारखांवर तारखा पडतील, मुलं हातची जातील’ असं बोलून त्या सह्या घेतात, अशी कुजबुज आहे. मध्यस्थी फिसकटली की चेंबरमध्ये जाऊन ‘कोण अडून बसलंय’ तेही सांगतात, आणि न्यायाधीशांना ते सोयीचं वाटतं. मागच्या महिन्यात एका बाईंची लेखी तक्रार आली. नवरा मारायचा, हे सांगायची संधीच त्यांना मिळाली नाही. पहिल्याच दिवशी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं गेलं. ती फाईल एका नव्या मुलीकडे होती. ताईंना बघून ती शिकली होती, तशीच वागली. आता ती राजीनाम्याचं बोलते आहे. वरून दर महिन्याला तडजोडीचा टक्का मागितला जातो तो वेगळाच. ताईंशी काय बोलू? सुरुवात कुठून करू?

उत्तर:

नमस्कार,

तुमच्या पत्रातली निम्मी जागा ताईंनी घेतली आहे आणि ते समजण्यासारखं आहे. ज्यांच्याकडून काम शिकलो, त्यांच्याच कामावर बोट ठेवणं फार जड जातं. तरी सुरुवात ताईंपासून करू नका. ज्या बाईंनी तक्रार केली त्यांच्यापासून करा, आणि याच आठवड्यात करा.

त्यांना लेखी पोच द्या. तक्रार कोण पाहणार आणि उत्तर कधीपर्यंत मिळणार, ते त्यात लिहा. मग त्यांना एकट्याला बोलवा. नवऱ्याची तारीख असेल त्या दिवशी बोलवू नका, आणि त्या भेटीत तुम्ही स्वतः बसा. फाईल नव्या मुलीकडून तुमच्याकडे घ्या. ही शिक्षा नाही, हे तिला त्याच वेळी तोंडावर सांगा. मग दोन गोष्टी तपासा: समझोत्यावर सह्या झाल्या आहेत का, आणि त्यावर न्यायालयाचा आदेश झाला आहे का. आदेश झाला नसेल तर ‘हे प्रकरण मध्यस्थीसाठी योग्य नाही’ एवढं एकच वाक्य लिहून प्रकरण परत पाठवा. कारण लिहू नका. कागदावर आलेलं कारण समोरच्या वकिलाच्या हातात पडतं, तिथून नवऱ्यापर्यंत जातं, आणि पुढे काय होईल याची हमी तुमच्यापैकी कुणीच देऊ शकत नाही.

आदेश होऊन गेला असेल तर तो बदलणं तुमच्या हातात नाही. पण त्या बाईंना वकिलापर्यंत पोचवणं आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला तिचं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. या दोन्ही ठिकाणचे पत्ते आणि फोन नंबर तुमच्या प्रत्येक माणसाच्या टेबलावर हवेत. भांबावलेल्या बाईला ‘विधी सेवेत जा’ असं नुसतं सांगून भागत नाही. कुठल्या मजल्यावर, कुणाला भेटायचं, हे सांगावं लागतं, आणि शक्यतो तिच्यासमोर फोन लावून द्यावा लागतो.

आता मूळ दुखण्याकडे येते. तुम्ही चार गोष्टी लिहिल्या आहेत: दबाव टाकून घेतलेल्या सह्या, चेंबरमधलं बोलणं, ही तक्रार आणि टक्क्याची मागणी. मला त्या चारही एकाच जागेतून आलेल्या दिसतात. तुमच्या कार्यालयात बंद दाराआड बोललेली गोष्ट पुढे कुठे जाते, हे कुणालाच खात्रीनं माहीत नाही. आईवडिलांना माहीत नाही, न्यायाधीशांनी ते सोयीनं गृहीत धरलं आहे, आणि तुमच्या टीमनं कधी ठरवलेलंच नाही. विभागप्रमुख म्हणून तुमचं पहिलं काम तेवढंच आहे. ते ठरलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टींना आपोआप वळण लागेल.

मध्यस्थ आईवडिलांना त्यांचा निर्णय घ्यायला मदत करतो. ताब्याची चौकशी करणारा न्यायाधीशांना त्यांचा निर्णय घ्यायला मदत करतो. दोन्ही कामं गरजेची आहेत आणि दोन्हीमागे मुलाचंच हित आहे. पण समोर बसलेला माणूस या दोघांशी एकसारखं बोलूच शकत नाही. एक उदाहरण घ्या. मध्यस्थीच्या खोलीत, एकट्यानं बोलताना वडील म्हणतात, ‘खरं सांगू? माझी नोकरी अशी आहे की रोजचं मला झेपणार नाही. पण हे तिच्यासमोर कबूल केलं तर ती मुलाला भेटूच देणार नाही.’ हे वाक्य म्हणजे तडजोडीची सुरुवात आहे. यातूनच ‘शनिवार-रविवार आणि सुट्टीतले दोन आठवडे’ असं काहीतरी निघतं, जे दोघांना परवडतं आणि मुलालाही. तेच वाक्य चौकशी अहवालात गेलं तर ‘वडिलांनी रोजची जबाबदारी नाकारली’ असं होतं. हे असं होऊ शकतं, असा नुसता संशय आला तरी वडील ते वाक्य बोलणार नाहीत. ‘मला पूर्ण ताबा पाहिजे’ म्हणतील आणि त्यावर अडून बसतील. मग ताई चेंबरमध्ये जाऊन सांगतील की वडील अडून बसले आहेत.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं याबद्दल पुरेसं स्पष्ट सांगून ठेवलं आहे. डिसेंबर 2010 च्या एका निकालात न्यायालयानं म्हटलं की मध्यस्थी यशस्वी झाली तर सह्या झालेला करार तेवढा न्यायालयाकडे पाठवावा, आत काय बोलणं झालं ते लिहू नये; आणि यशस्वी झाली नाही तर ‘मध्यस्थी अयशस्वी’ एवढंच एक वाक्य कळवावं. 2019 मध्ये ताब्याच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयानं दुसरी बाजूही मांडली: मुलाशी बोलून समुपदेशकानं न्यायालयासाठी केलेल्या अहवालाला मध्यस्थीतली गुप्तता लागू होत नाही, कारण तिथे न्यायालय स्वतः मुलाच्या पालकाच्या जागी उभं असतं. दोन उलटे नियम, आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर. तुमची टीम या दोन्ही खुर्च्यांवर आळीपाळीनं बसते, म्हणून तिचा गोंधळ होतो. हा गोंधळ इतर ठिकाणीही झाला आहे. कॅलिफोर्नियात 1981 पासून ताब्याच्या वादात मध्यस्थी सक्तीची आहे. काही परगण्यांमध्ये तोच मध्यस्थ पुढे न्यायाधीशांना शिफारसही करायचा आणि तरी त्या सगळ्याला मध्यस्थीच म्हटलं जायचं. अखेर 2012 पासून तिथे शिफारस होते त्या प्रक्रियेला वेगळं नाव देणं कायद्यानं बंधनकारक झालं, म्हणजे आत येणाऱ्या माणसाला आपण कशासाठी येतो आहोत ते कळावं.

नऊ माणसांत दोन स्वतंत्र विभाग करता येत नाहीत, हे मला कळतं. त्याची गरजही नाही. नियम एकच करा: एका कुटुंबात एका माणसाची एकच भूमिका. ज्यानं या आईवडिलांची मध्यस्थी केली, त्यानं त्यांचा चौकशी अहवाल लिहायचा नाही. प्रकरण काही वर्षांनी नव्या अर्जानं परत आलं तरी नाही. मध्यस्थीची टिपणं वेगळ्या कपाटात आणि संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, चौकशी करणाऱ्याला ती उघडता येणार नाहीत अशी. जेवणाच्या सुट्टीत ‘तुझ्याकडे आलेत ना ते, माझ्याकडे काय झालं माहितीये का’ असं सुरू होतं, तेही थांबवा. ते थांबवणं सगळ्यात अवघड जाईल, कारण त्यात वाईट हेतू नसतो. दिवसभराचा ताण तिथे हलका होत असतो. त्या ताणासाठी दुसरी जागा द्यावी लागेल, त्याबद्दल पुढे लिहिते.

आणि पहिल्या मिनिटाला काय बोलायचं ते शब्द न् शब्द ठरवून द्या, सगळ्यांसाठी एकच. साधारण असं: ‘मी मध्यस्थ आहे. तुम्ही इथे जे बोलाल ते मी न्यायाधीशांना सांगणार नाही, अहवालातही लिहिणार नाही. तुमचं जमलं तर करार जाईल, नाही जमलं तर नाही जमलं एवढंच जाईल. याला अपवाद आहे: एखाद्या मुलाला किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं, तर मला गप्प बसता येणार नाही.’ हा अपवाद तोंडी लावण्यापुरता नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची किंवा होण्याची शक्यता कळली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते कळवणं कुणाही व्यक्तीवर बंधनकारक आहे. हे आधी सांगितलं नाही आणि नंतर कळवावं लागलं, तर त्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं. चौकशी करणाऱ्याचं पहिलं वाक्य याच्या उलट असेल: ‘मी न्यायालयाला अहवाल देणार आहे. तुम्ही जे सांगाल ते त्यात येऊ शकतं.’ ऐकायला रुक्ष वाटेल, पण समोरच्याचा मान राखणारं आहे.

त्या बाईंच्या बाबतीत जे घडलं त्याला वेगळा उपाय लागेल. हिंसा झाली आहे का, हे नवऱ्यासमोर विचारून कुणीही खरं सांगणार नाही. म्हणून एकत्र बैठकीच्या आधी दोघांना वेगवेगळं भेटायचं, प्रत्येक प्रकरणात, फाईलमध्ये हिंसेचा उल्लेख असो वा नसो. ‘ज्यात शंका वाटते त्यात विचारू’ असं ठेवलंत तर नेमकी शांत दिसणारी प्रकरणं सुटतात. पुरुषांनाही तेच प्रश्न विचारायचे. ‘तुमच्यात हिंसा आहे का?’ असं थेट विचारलं की उत्तर बहुतेक वेळा ‘तसं काही नाही’ असंच येतं. त्यापेक्षा वागण्याबद्दल विचारा: भांडण झालं की काय होतं? पैसे कुणाच्या हातात असतात? फोन कोण तपासतं? कधी गळा दाबला गेला का? वेगळं व्हायचं म्हटल्यावर काय म्हणाले? यातला गळ्याचा प्रश्न अवघड वाटतो म्हणून नवी माणसं तो गाळतात. तो गाळू देऊ नका, कारण पुढे जीव जाण्याच्या धोक्याची ती एक मोठी खूण मानली जाते. वेगळं होण्याचा काळ हाच सगळ्यात धोक्याचा असतो, आणि तुमच्याकडे माणसं नेमकी त्याच काळात येतात. अमेरिकेत मध्यस्थांसाठी ‘मॅसिक’ आणि ऑस्ट्रेलियात ‘डोअर्स’ अशा प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. त्या जशाच्या तशा उचलू नका, पण स्वतःची प्रश्नावली करताना समोर ठेवा.

हिंसा आढळली म्हणजे मध्यस्थी बंद, असंही सरसकट नाही. काही जणींना न्यायालयात उलटतपासणीला उभं राहण्यापेक्षा वेगळ्या खोलीत बसून, मध्यस्थामार्फत बोलणं जास्त सुरक्षित वाटतं. ते त्यांना ठरवू द्या. मात्र येण्याच्या वेळा वेगळ्या ठेवा, थांबायची जागा वेगळी ठेवा, आणि निघताना भीती असलेल्या माणसाला आधी सोडा. दुसऱ्याला निदान वीस मिनिटं कागदपत्रांच्या निमित्तानं बसवून ठेवा. कार्यालयाच्या शिपायालाही हे माहीत हवं, कारण ‘मॅडम केव्हाच गेल्या, आत्ता बसस्टॉपवर असतील’ असं तो भाबडेपणानं सांगून टाकतो.

ताईंशी बोलण्याआधी न्यायाधीशांशी बोला. क्रम महत्त्वाचा आहे. ताईंना चेंबरमध्ये जायला मनाई केली आणि दुसऱ्याच दिवशी न्यायाधीशांनी त्यांना बोलावलं, तर तुमच्या शब्दाला काही किंमत उरणार नाही. वेळ मागून घ्या आणि एका पानाचा प्रस्ताव घेऊन जा. ताईंचं नाव काढू नका. न्यायाधीशांना माहितीची गरज आहे, ती खरी गरज आहे. त्यांच्यापुढे शेकडो प्रकरणं असतात आणि त्यांना अंदाज हवा असतो. म्हणून नकार घेऊन जाऊ नका, पर्याय न्या. मध्यस्थीकडून प्रत्येक तारखेला एक चिठ्ठी येईल: दोघे हजर होते का, आणि करार झाला, काही मुद्द्यांवर झाला, झाला नाही की आणखी वेळ हवा. याहून जास्त काही हवं असेल तर न्यायालयानं चौकशीचा आदेश द्यावा, तो अहवाल दुसरा माणूस देईल, लेखी देईल आणि दोन्ही बाजूंना मिळेल. शेवटचा मुद्दा जोर देऊन मांडा. चेंबरमध्ये ऐकलेल्या गोष्टीला समोरच्या बाजूला उत्तर देता येत नाही. दुसऱ्या कुठल्या प्रकरणात एका साक्षीदारानं असं आत येऊन सांगितलेलं न्यायाधीश चालवून घेणार नाहीत. बहुतेकांना हे लगेच पटतं. एखाद्यांना नाही पटलं तर प्रस्ताव लेखी देऊन ठेवा आणि 2010 चा निकाल सोबत जोडा.

आणि मग ताई. एकट्यात बोला, त्यांच्या खोलीत जाऊन बोला, नवा नियम सगळ्यांना सांगण्याच्या आधी बोला. इतक्या वर्षांच्या माणसाला तो बैठकीत सगळ्यांबरोबर पहिल्यांदा कळता कामा नये. तक्रारीपासून सुरुवात करू नका, कारण ती फाईल त्यांची नव्हती, आणि ‘माझ्यामुळे झालं असं तुला म्हणायचंय का’ यावरच बोलणं संपेल. मी असं काहीसं म्हणेन: ‘ताई, माणसाला बोलतं करणं मी तुमच्याकडून शिकले. आता माझ्यावर सगळ्यांची जबाबदारी आहे, म्हणून दोन गोष्टी बदलते आहे आणि त्या आधी तुम्हाला सांगायला आले. मध्यस्थीतलं बोलणं आपण कुणीच यापुढे चेंबरमध्ये नेणार नाही. मीसुद्धा नाही. आणि करार झाला की कागद घरी न्यायला द्यायचा, सही पुढच्या तारखेला.’

इथे थांबा आणि त्यांना बोलू द्या. त्या रागावतील. कदाचित म्हणतील की सही लांबली की माणसं फिरतात. खरं आहे, काही फिरतात. एका रात्रीत जो करार मोडतो तो मुलाच्या पहिल्या आजारपणात मोडलाच असता. हा मुद्दा त्यांच्याशी मोकळेपणानं वाद घालण्यासारखा आहे, घाला.

दबावाबद्दलही बोलावं लागेल, आणि तेव्हा ऐकीव कुजबुजीवर बोलू नका. आधी त्यांच्या दोन-तीन बैठकांत, पक्षकारांच्या संमतीनं, सोबत बसा. सगळ्यांच्याच बैठकांत बसा म्हणजे त्यांना एकटं पाडल्यासारखं होणार नाही. मग नेमकी वाक्यं घेऊन बोला. ‘तारखा वाढू शकतात’ ही माहिती आहे. ती दोघांना सारखीच द्यावी आणि वकिलाशी बोलायला वेळ द्यावा. ‘मुलं हातची जातील’ ही धमकी आहे. मुलांचं काय होणार हे मध्यस्थाला माहीत नसतं आणि तसं भासवणं गैर आहे. ताईंना हा फरक कळेल. त्यांचं कौशल्य खरं असेल तर धमकीवाचूनही ते चालेल, आणि असं कौशल्य असलेली माणसं फार नसतात, म्हणून मी त्यांना गमावू इच्छिणार नाही. पण चेंबरच्या बाबतीत तडजोड नाही. पहिल्यांदा तोंडी सांगा, दुसऱ्यांदा लेखी द्या, तिसऱ्यांदा मध्यस्थीची कामं काढून घ्या. कुणी तुम्हाला सुचवेल की त्यांना नव्या लोकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी द्या म्हणजे मान राहील. पद्धत बदलेपर्यंत ते अजिबात करू नका. त्यांची पद्धत नव्यांनी उचलली म्हणूनच आज ती तक्रार तुमच्या टेबलावर आहे.

टक्क्याचं काय? वरून मागतात, तर द्यावा लागेल. एकटा देऊ नका. त्याच तक्त्यात आणखी रकाने घाला: प्रकरण आल्यापासून पहिल्या भेटीपर्यंत किती दिवस गेले, किती प्रकरणांत एकत्र बैठकीआधी दोघांना वेगळं भेटलं, किती करार वर्षभरात त्याच मुद्द्यावर न्यायालयात परत आले, किती अहवाल वेळेत गेले. तिसरा रकाना भरायला वर्ष लागेल, पण सगळ्यात बोलका तोच असेल. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमरी यांनी ताब्याच्या वादातल्या कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीनं दोन गटांत विभागलं, काही मध्यस्थीकडे आणि काही न्यायालयाकडे, आणि बारा वर्षांनी पुन्हा पाहिलं. कुटुंबं थोडी होती, अवघी 71. पण मध्यस्थीतून गेलेल्या कुटुंबांत वेगळं राहणाऱ्या पालकाचा मुलांशी संपर्क बराच जास्त टिकलेला आढळला. मध्यस्थीला दिलेले तास थोडेच होते. हे फळ सहीच्या दिवशी दिसत नाही, आणि ज्यांना महिन्याचा टक्का हवा आहे त्यांना हे सांगत राहणं तुमच्या कामाचाच भाग आहे.

करार परत का येतात, ते तुमच्याच जुन्या फायली काढून बघा. बहुतेक वेळा शब्द सैल असतात. ‘वडील आठवड्याच्या शेवटी मुलाला सोयीनुसार भेटतील.’ कुणाच्या सोयीनुसार? शेवट शुक्रवारी सुरू होतो की शनिवारी? आणणार कोण, सोडणार कोण? मूल आजारी पडलं तर? त्याऐवजी: ‘शुक्रवारी शाळा सुटल्यावर वडील मुलाला शाळेतून घेतील आणि सोमवारी सकाळी शाळेत सोडतील. शाळेला सुट्टी असेल तर अदलाबदल आजीच्या घरी, संध्याकाळी 6 वाजता. मूल आजारी असेल तर आदल्या रात्री मेसेज, आणि बुडालेली भेट पुढच्या शनिवारी.’ शाळेतून घ्यायचं आणि शाळेतच सोडायचं ठरलं की आईवडिलांची गाठ पडत नाही, आणि मुलाला दारात उभं राहून भांडण ऐकावं लागत नाही. प्रत्येक करार सहीआधी टीममधल्या दुसऱ्या एकानं वाचावा, या वादाची काही माहिती नसलेल्या माणसाच्या नजरेनं. त्यात तो कुठे अडखळला, तिथे पुढे भांडण होणार आहे.

चौकशी अहवालांनाही हीच नजर लावा. एखाद्या मसुद्यात असं वाक्य येतं: ‘आई अतिभावनिक असून मुलाचे कान भरते.’ हे न्यायाधीशांच्या हातात गेलं तर त्या आईला आयुष्यभर चिकटतं. विचारा, पाहिलं काय? ऐकलं काय? मग वाक्य असं होतं: ‘मुलगा म्हणाला, बाबांकडे जायला निघालो की आई रडते. आईला विचारलं असता रडू येतं हे तिनं मान्य केलं. मुलाला दिसत असेल असं वाटलं नव्हतं, असं ती म्हणाली. वडिलांकडच्या दोन दिवसांबद्दल मुलगा न विचारता बोलला.’ यातून निष्कर्ष काढायचा तो न्यायाधीश काढतील, आणि तो वेगळा असू शकतो. ज्या पालकाला भेटलोच नाही त्याच्याविषयी मत लिहायचं नाही, हेही एकदा लिहून सगळ्यांच्या हातात द्या.

मुलांशी बोलण्याबद्दल थोडं. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क कराराचं बारावं कलम सांगतं की मुलाला आपल्याशी संबंधित बाबतीत मत मांडायचा हक्क आहे, आणि भारतानं तो करार 1992 मध्ये स्वीकारला. हा हक्क म्हणजे निवड करायची सक्ती नाही. ‘आईकडे राहायचं की बाबांकडे?’ हा प्रश्न तुमच्या कार्यालयात कुणी विचारू नये. ‘शाळेतून आल्यावर काय काय होतं, सांग ना’ असं विचारलं की मूल दोन्ही घरं दाखवतं. मुलाला एकदा आई घेऊन येईल आणि एकदा वडील, असं पाहा. कोण घेऊन आलं यावर त्याचं बोलणं बदलतं. आणि उठण्याआधी त्याला सांगा की यातलं काय मी न्यायाधीशांना लिहिणार आहे, आणि निर्णय मोठी माणसं घेणार आहेत. ते ऐकून काही मुलांचे खांदे सैल पडलेले दिसतात.

हे सगळं करणारी माणसं रोज दुसऱ्यांची घरं मोडताना ऐकतात, त्याचा परिणाम होतोच. कुणाला झोप लागत नाही, कुणी कोरडं होतं. ‘मला बघताक्षणी कळतं कोण खोटं बोलतंय’ असं कुणी म्हणायला लागलं की तो माणूस थकला आहे, असं मी समजते. आठवड्यातला एक तास राखून ठेवा. त्यात हजेरी, तारखा, रजा यांचं काही बोलायचं नाही. एकानं एक प्रकरण मांडायचं, कुटुंबाची ओळख न देता, आणि आपल्याला त्यात काय झालं ते सांगायचं. जेवणाच्या सुट्टीतलं बोलणं बंद केलंत त्याच्या बदल्यात ही जागा आहे. काम कितीही असलं तरी हा तास रद्द होऊ देऊ नका. शक्य असेल तर तो चालवायला बाहेरचं, या कामाची जाण असलेलं कुणी बोलवा, कारण ज्यांच्या हातात आपला गोपनीय अहवाल आहे त्यांच्यासमोर माणसं मोकळं बोलत नाहीत. कामाची वाटणी करताना फायलींची नुसती संख्या मोजू नका. दोन पालक, एक मूल आणि फक्त सुट्ट्यांचा वाद, आणि दुसरीकडे हिंसेचे आरोप, तीन मुलं, एक पालक परदेशात: या दोन फायली सारख्या नाहीत.

राहिली ती मुलगी. तिला सांगा की चूक झाली, आणि ती का झाली तेही सांगा: तिला कुणी शिकवलं नव्हतं, प्रश्नावली नव्हती, आणि जे तिनं पाहिलं तेच ती करत होती. ‘तुझं काही चुकलं नाही’ असं म्हणू नका. ते खरं नाही, आणि तिला ते माहीत आहे. तक्रारीचं उत्तर तुमच्या सहीनं जाऊ द्या, त्यात कार्यालयानं काय केलं नाही आणि आता काय करणार ते लिहा, तिचं नाव घालू नका. पाठवायच्या आधी तिला वाचायला द्या. राजीनाम्याचा विचार निदान महिनाभर बाजूला ठेवायला सांगा. प्रश्नावली तयार करायला तिला सोबत घ्या. कुठला प्रश्न विचारायचा राहिला, हे आत्ता तुमच्या टीममध्ये तिच्याइतकं कुणाला कळत नसेल. पुढची वेगळी भेट तिलाच घेऊ द्या. तुम्ही खोलीत बसा, पण बोलणं तिच्याकडे ठेवा.